टोपावरचं नाव

"अरे वा, शरच्चंद्रराव! तुम्ही पण आलात का भंगारात?"

मालन हिवराळेनं तो भलामोठा स्टीलचा टोप कुशीवर कलता केला, पदरानं त्याच्या काठाखालची धूळ पुसली आणि अक्षरं मोठ्यानं वाचली. 'कै. शरच्चंद्र यांचे स्मरणार्थ.' मग भांडुपच्या त्या दुकानात फतकल मारून जुन्या पंख्याची तार सोडवत बसलेल्या खंडूला म्हणाली, "बघ रे खंडू. बापाचं स्मरण किलोवर विकलं पोरांनी. वर्षश्राद्धाला मात्र दोन गोड पदार्थ केले असतील मेल्यांनी."

खंडू भंगारवाला नुसता हसला. दर गुरुवारी ही बाई मुलुंडहून यायची, तासभर भांडी उलथीपालथी करायची, घ्यायची एखादं झाकण नाहीतर झारा, आणि जाताना शंभर माणसांना नावं ठेवून जायची. त्याला त्याची सवय झाली होती. उलट एखाद्या गुरुवारी ती आली नाही तर त्याला दुकान ओकंओकं वाटायचं.

जुन्या भांड्यांवर कोरलेली नावं वाचणं हा मालनचा जीव की प्राण. त्याला कारणही होतं. ती शाळेत कधी गेलीच नाही. मुलुंडला पाच घरची धुणीभांडी करण्यात तिनं सव्वीस वर्षं काढली, आणि वाचायला शिकली ती त्या घरांतल्या भांड्यांवर. घासता घासता एखादं अक्षर नीट बघून ठेवायचं, आणि घरी येऊन नवऱ्यापुढं, रतनपुढं, ओल्या बोटानं फरशीवर काढायचं. रतन सातवी शिकलेला. तो सांगायचा, हा 'स', हा 'प्रे', हा 'म'. 'सप्रेम भेट' हे तिनं आयुष्यात वाचलेले पहिले दोन शब्द. त्यामुळे आजही कागद समोर धरला की ती अडखळते, आणि स्टीलवरचं मात्र धडाधड वाचते.

वाचायला यायला लागलं आणि तिच्या तोंडाला धार आली. जिच्या घरी चौदा नातेवाइकांच्या नावांची चौदा पातेली, ती बाई हिला चहा द्यायची तो कान तुटलेल्या कपात. जिच्या कळशीवर 'चि. सौ. कां.' तिचा नवरा तिच्याशी आठवडा आठवडा बोलत नसे. "भांड्यावर प्रेम, घरात शिमगा," मालन म्हणायची. "लिहायला काय जातंय यांचं!"

पण हा टोप तिला सोडवेना. जाड बुडाचा, दोनशे माणसांची खीर सहज होईल एवढा, कुठं पोचा नाही की चीर नाही. तिनं बोटाच्या पेरानं वाजवून बघितला. चांगला खणखणीत बोलला. आणि रतन गेल्यापासून नऊ वर्षं मनात घट्ट धरून ठेवलेली गोष्ट तिनं तिथंच, खंडूच्या दुकानात नक्की करून टाकली. वैशाखी पौर्णिमेला घाटकोपरच्या त्यांच्या जुन्या वस्तीतल्या विहारात खीरदान व्हायचं, दरवर्षी भाड्याच्या भांड्यात. यंदा ते ह्या टोपात होईल, आणि ह्या टोपावर रतनचं नाव असेल.

रतन भांड्यांना पॉलिश करायचा. भांडुपच्या एका गाळ्यात बफिंगच्या चाकावर रोज दीडशे भांडी, सकाळी माणूस जायचा आणि संध्याकाळी कोळसा परत यायचा. दात तेवढे पांढरे. अख्ख्या मुंबईच्या लग्नांतली भांडी त्यानं आरशासारखी केली आणि ह्यांच्या घरात मात्र जर्मनचे टोप, काळे पडलेले, कान हलणारे. त्याचं नाव कुठल्या वाटीवरसुद्धा आलं नाही. धुळीनं त्याची छाती भरल्यावर मालकानं त्याला घरी बसवलं आणि वर 'आराम कर' असा फुकटचा सल्ला दिला. ते आठवलं की मालनच्या तोंडून जे निघतं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

टोप रिक्षात घालून ती मुलुंडला निघाली तर रिक्षावाल्यानं नाक मुरडलं. पण खरं नाक मुरडलं गेलं ते बाराव्या मजल्यावर, लेकाच्या घरी.

"आई, हे काय आणलंत?" सून माधुरी दारातच उभी राहिली. "कुणी काय शिजवलं असेल त्यात!"

"का गं? परवा हॉटेलात जेवलीस ते ताट काय तुझ्यासाठी नवीन घडवलं होतं?" मालननं टोप आत ढकलला. "आणि हा बंब? हा कुणाच्या न्हाणीघरातून आलाय, विचारलंस का कधी?"

दिवाणखान्यात पितळेचा एक जुना बंब होता. माधुरीनं तो अंधेरीच्या कुठल्याशा झगमगीत दुकानातून आणला होता आणि त्यात मनीप्लँट लावला होता. पाहुणे आले की त्याचं कौतुक व्हायचं, "व्हिंटेज आहे ना!" मालनला ह्या शब्दाची भयंकर चीड. गरिबानं आणलं तर भंगार आणि ह्यांनी आणलं तर व्हिंटेज. जळलं मेलं ते व्हिंटेज!

लेक धम्मपाल संध्याकाळी आला. एका बँकेत मॅनेजर. पोरगा वाईट नव्हता; वाईट असता तर एका फटक्यात काम झालं असतं. आईला दवाखान्यात स्वतः न्यायचा, तिच्या गोळ्या संपायच्या आत आणून ठेवायचा. पण नावाचा सोस म्हणजे काय विचारता! दारावर पाटी, त्यावर नाव, नावाखाली हुद्दा. गाडीच्या मागच्या काचेवर नाव. वस्तीतल्या जयंतीच्या बॅनरवर त्याचा फोटो कोपऱ्यात गेला तर आठ दिवस जेवण गोड लागलं नाही साहेबांना.

"आई, बाबांच्या नावानं द्यायचं आणि सेकंडहँड?" तो कपाळाला हात लावून म्हणाला. "लोक काय म्हणतील? त्यापेक्षा मी वॉटर कूलर देतो ना. मस्त अ‍ॅक्रिलिकची प्लेट लावू. वर बाबांचं नाव, खाली माझं."

"आणि कूलर बंद पडला की त्याच्यावर चपला ठेवतील. वर तुझं नाव."

"तुला ना, काही ऐकायचंच नसतं."

"बरोबर. ह्या वयात आता सवय कशाला मोडू?"

धम्मपालनं हात जोडले. कर बाई काय करायचं ते, फक्त नाव तरी नीट टाक, म्हणाला. मालनला वाटलं, पोरगं शेवटी वळणावर आलं.

रतनची बफिंगची लहान मोटर ओट्याखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलेली होती. शेवटची दोन वर्षं तो घरीच सुट्टं काम करायचा, तेव्हाची. रविवारी मालननं ती बाल्कनीत लावली, तोंडाला ओढणी बांधली, चाकाला पॉलिशची वडी घासली आणि टोप मांडीशी धरला. तिला ते काम येत होतं. तो दमला की तीच बसायची. चाक कडेनं लावायचं, जोर द्यायचा नाही, एका जागी थांबायचं नाही. आधी 'कै.' गेलं, मग 'शर' गेलं, मग एकेक करून सगळे शरच्चंद्रराव गेले. "या आता," मालन म्हणाली, "पोरांना नकोसे झालात, त्यात माझा काय दोष!" त्या जागी असा चकचकीत पट्टा उमटला की तिला स्वतःचं नाक त्यात दिसायला लागलं. किती दिवसांनी तिला इतकं बरं वाटलं! अंगभर काळी धूळ, आणि बाई गालातल्या गालात हसतेय. सोसायटीच्या ग्रुपवर तोवर तीन तक्रारी पडल्या होत्या: बाराव्या मजल्यावर ड्रिलिंग कोण करतंय, आज रविवार आहे, काही सिव्हिक सेन्स? मालननं माधुरीकडून त्या मुद्दाम वाचून घेतल्या आणि पुन्हा हसली.

सोमवारी टोप दशरथकडे गेला. घाटकोपरला स्टेशनबाहेरच्या भांड्यांच्या दुकानासमोर हा म्हातारा चाळीस वर्षं स्टुलावर बसून विजेच्या पेननं नावं घालत होता. मूळचा मालवणकडचा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, तोंडात कायम विडा. मालननं पदराच्या गाठीतला कागद काढला. दोन दिवस खपून तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेला. 'कालकथित रतन सखाराम हिवराळे यांचे स्मरणार्थ विहारास सप्रेम भेट.'

दशरथनं कागद चष्म्याला चिकटवून बघितला. "ह्या 'कालकथित' म्हणजे काय ता, वैनी? मी आपला 'कै.' घालतंय. दोन मात्रे नि एक टिंब, काम फत्ते."

"अजिबात नाही! कै. म्हणजे कैलासवासी. कैलासात आमचं कोण राहतं? आमच्यात गेलेल्या माणसाला कालकथित म्हणतात."

"अगो, पण समद्यांचा कै.च असता."

"सगळ्यांचं असेल, आमचं नाही!" मालनचा आवाज चढला तशी दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "आयुष्यभर दुसऱ्याच्या नावांना चकाकी दिली माझ्या नवऱ्यानं. आता मेल्यावर तरी त्याला त्याच्या शब्दात राहू दे. लिहिलंय तेवढंच घालायचं. तुझं डोकं चालवायचं नाही, कळलं?"

"ऱ्हवला," दशरथ पान थुंकत म्हणाला. "नाय चालवणंय डोक्या. तुमी सांगशात तसा." त्यानं एका चिठ्ठीवर आपला फोन नंबर लिहून दिला, बुधवारी या म्हणाला. ती चिठ्ठी मालननं घरी येऊन फ्रीजवर लावली. इथंच तिची चूक झाली, पण ते तिला काय माहीत.

बुधवारी दुपारी ती गेली तेव्हा टोप स्टुलाशेजारी उलटा ठेवलेला होता. दशरथनं तो मोठ्या थाटात सुलटा केला. अक्षरं झकास आली होती, मोठी, टपोरी, एका ओळीत. मालननं बोट लावून वाचायला सुरुवात केली. कालकथित. बरोबर. म्हाताऱ्याला अक्कल आली म्हणायची. बोट पुढं सरकलं.

'धम्मपाल.'

मालनचं बोट तिथंच थांबलं. तिनं पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. 'कालकथित धम्मपाल रतन हिवराळे यांचे स्मरणार्थ.' स्टीलवरचं वाचण्यात ती चुकत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं, आणि तरीही तिनं तिसऱ्यांदा वाचलं. शकुन-अपशकुन ती मानत नव्हती. असलं काही मानायचं नाही हे रतननं तिला अक्षरांच्याही आधी शिकवलं होतं. पण पोटचा पोरगा सकाळी डबा घेऊन ऑफिसला गेलेला, आणि त्याचं नाव असं कोरून समोर! भीती काय मानण्या न मानण्याला विचारून येते!

"मुडद्या!" ती किंचाळली. "माझा पोरगा जिवंत आहे! नवरा गेलाय, नवरा! रतन!"

दशरथचा विडा तोंडातच राहिला. "माका काय म्हायत कोण गेलो नि कोण ऱ्हवलो? ह्यो बघा मेसेज. तुमच्या झिलान धाडल्यान." त्यानं फोन तिच्या डोळ्यांसमोर धरला आणि वाचूनही दाखवलं. 'काका, माझ्या आईच्या, मालन हिवराळेंच्या टोपावर नाव धम्मपाल रतन हिवराळे असं टाका. मोठ्या अक्षरात.' "मी म्हटला, वैनीन नाव चुकीचा लिवल्यान, झिलान बरोबर धाडल्यान. कागदावरचा काढलंय, ह्या घातलंय."

"अरे, पण डोकं चालवायचं ना जरा!"

"तुमीच सांगलात मां, डोक्या चालव नको म्हणान?" म्हातारा आता उखडला. "मी अक्षरां बघतंय, माणसां नाय. चाळीस वर्सां ह्याच करत इलंय."

पौर्णिमा परवावर आलेली. तिनं टोप उचलला, रिक्षात बसली, आणि ती अक्षरं दिसू नयेत म्हणून घाटकोपर ते मुलुंड सगळा रस्ता त्यांच्यावर पदर दाबून धरला.

धम्मपाल ऑफिसातून आला तेव्हा टोप दिवाणखान्याच्या मधोमध, त्या बंबाशेजारी ठेवलेला होता.

"अरे वा, आलं का?" तो बूट काढता काढता म्हणाला. "नाव कसं आलंय?"

"मोठ्या अक्षरात. तुला हवं होतं ना? वाच."

त्यानं वाकून वाचलं. मग गुडघ्यावर बसून वाचलं. चेहऱ्याचा रंगच उडाला. माधुरी आतून आली, तिनंही वाचलं आणि तोंडावर हात धरला.

"मी... मी फक्त खाली टाकायला सांगितलं होतं," तो पुटपुटला. "देणगीदार म्हणून."

"खाली असं लिहिलंस कुठं? बापाचं नाव कोरलं जात होतं, तेवढंही त्याचं एकट्याचं तुला बघवलं नाही. घुसलास ना मध्ये? बस आता! दारावर नाव, गाडीवर नाव, बॅनरवर नाव, आता मेलेल्याच्या यादीत पण नाव. लाव ह्याचा फोटो, टाक ग्रुपवर. बघू किती अंगठे येतात!" मालन बोलत सुटली, आणि बोलता बोलता मध्येच तिचा आवाज फाटला. "धम्मा, रिक्षात माझ्या जिवाचं काय झालं असेल, तुला कळतंय का रे?"

त्यानं उठून फ्रीजवरची दशरथच्या नंबरची चिठ्ठी काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ऑफिसला सुट्टी टाकली. टोप बाल्कनीत नेला, मोटर लावली. मालन दारात उभी राहून बघत होती. मदत करायची नाही, असं तिनं ठरवलंच होतं. पहिल्याच फटक्याला चाकानं टोप हिसकला आणि साहेबांच्या ढोपराला बसला. "जोर देऊ नको!" ती ओरडली. "कडेनं लाव. कडेनं! एका जागी थांबलास तर स्टील निळं पडेल. बँकेत काय शिकवतात रे तुम्हाला?" पंधरा मिनिटांत तो खोकायला लागला. नाकात, कानात, नखांत काळं गेलं. 'धम्म' एवढंच पुसलं होतं. त्यानं मोटर बंद केली आणि बाहीनं तोंड पुसलं तर बाही काळी झाली.

"बाबा दिवसाला किती भांडी करायचे?"

"दीडशे."

"मास्क बिस्क?"

"मालकाच्या तोंडाला होता," मालन म्हणाली. "मे महिन्यात घामाचा वास येतो म्हणून."

धम्मपालनं मोटर पुन्हा लावली. दुपारचं जेवण चुकलं, माधुरीनं दोनदा पाणी आणून दिलं. दुसऱ्यांदा ती आत गेली नाही, टोप हलू नये म्हणून पलीकडून धरून बसली, नवा ड्रेस असून. मालनला तिला टोमणा मारायला एक चांगला सुचला होता, तो तिनं गिळला. सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तक्रार आली तेव्हा धम्मपालनं काळ्या अंगठ्यानं फोनच बंद करून टाकला.

चार वाजता तिघं घाटकोपरला पोचली. दशरथनं टोप बघितला, मग धम्मपालचे हात बघितले, आणि पहिल्यांदाच स्टुलावरून उठून त्यानं टोप स्वतः घेतला.

"आता एकदाच काय ता सांगा बाबांनो. माझा पण वय झाला."

धम्मपालनं कागद मागून घेतला आणि आईनं लिहिलं होतं तेच, अक्षर न् अक्षर, मोठ्यानं वाचून दाखवलं. कालकथित रतन सखाराम हिवराळे. दशरथनं पेन्सिलीनं खुणा केल्या, चष्मा वर सारला आणि ओळीखालच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "हय जागा ऱ्हवता. तुमचा घालतंय बारीक. 'सुपुत्र' म्हणान. बरा दिसात."

मालननं लेकाकडे बघितलं. तो काय म्हणतो याच्यावर तिचं सगळं अडलं होतं, आणि ते त्याला सांगायची तिची इच्छा नव्हती.

धम्मपालनं आपल्या नखांतलं काळं बघितलं. "नको," तो म्हणाला. "मी आहे अजून. बाबांचं एकट्याचंच घाला."

पेन सुरू झालं. किर्रर्र आवाज करत पहिलं अक्षर उमटलं, मग दुसरं, मग तिसरं. चौथ्या अक्षराला मालनला हुंदका फुटला, आणि तो काही पदराआड मावणारा नव्हता. गर्दीच्या वेळची बाजारपेठ, प्रेशर कुकर बघायला आलेल्या बायका थांबल्या, पलीकडचा मोसंबीवाला थांबला, दुकानाच्या मालकानं गल्ल्यावरून मान बाहेर काढली. माधुरी तिचा खांदा धरून, आई, आई, लोक बघतायत, म्हणायला लागली.

मालननं तो हात झटकला, ओल्या डोळ्यांनी त्या सगळ्या गर्दीवर एक नजर टाकली आणि खेकसली,

"काय बघताय? नवऱ्याचं नाव घालतेय!"